चित्रपटाचा शोध कोणी लावला? चलत्चित्रांचे आद्य संशोधक आणि प्रवर्तक

अध्ययन उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी करता याव्यात :

१. चित्रपट तयार होण्यासाठी कोणते तांत्रिक प्रश्न सुटणे आवश्यक होते, ते सांगता येणे.
२. मायब्रिज, मारे, ल प्रँस, एडिसन, डिक्सन आणि ल्युमिएर बंधू यांच्या कार्यातील फरक स्पष्ट करता येणे.
३. ‘पहिला चित्रपट’ किंवा ‘चित्रपटाचा जनक’ यांसारख्या विधानांची चिकित्सा करता येणे.

१. प्रस्तावना

‘चित्रपटाचा शोध कोणी लावला?’ हा प्रश्न दिसायला एका गुणाचा आहे. पण त्याचे उत्तर देशागणिक बदलते. अमेरिकेत थॉमस एडिसनचे नाव घेतले जाते, फ्रान्समध्ये ल्युमिएर बंधूंचे. जर्मनीत स्क्लाडानोव्स्की बंधूंची आठवण काढली जाते, तर इंग्लंडमध्ये लुई ल प्रँस आणि विल्यम फ्रीझ-ग्रीन यांचे समर्थक आजही भेटतात. यांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येकाच्या हाती सत्याचा एक तुकडा आहे.

असे होण्याचे कारण म्हणजे चित्रपट हा एक शोध नाही. पाच वेगवेगळे प्रश्न सुटल्यानंतर तो शक्य झाला. ते प्रश्न असे :

१. स्थिर चित्रे एकामागून एक दाखवून ती हलत असल्याचा भास कसा निर्माण करायचा?
२. सेकंदाच्या अल्पशा भागात छायाचित्र कसे घ्यायचे?
३. शेकडो छायाचित्रे सामावतील अशी लांब आणि लवचिक पट्टी कशी बनवायची?
४. ती पट्टी प्रत्येक चित्रापाशी क्षणभर थांबवून पुढे कशी सरकवायची?
५. ही चित्रे मोठी करून अनेक प्रेक्षकांना एकाच वेळी पडद्यावर कशी दाखवायची?

हे पाचही प्रश्न कोणा एका माणसाने सोडवले नाहीत. म्हणून शोधकांची केवळ यादी पाठ करण्यापेक्षा, कोणी कोणता प्रश्न सोडवला हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. प्रस्तुत पाठाची मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

२. पहिला प्रश्न : हालचालीचा भास

छायाचित्रणाचा प्रसार होण्यापूर्वीच हा प्रश्न सुटला होता. १८३२ च्या सुमारास बेल्जियममध्ये जोझेफ प्लाटो आणि व्हिएन्नामध्ये सिमॉन श्टाम्फर यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे जवळजवळ सारखेच खेळणे तयार केले. प्लाटोच्या खेळण्याला फेनाकिस्टिस्कोप म्हणतात. एका चकतीवर कडेने नर्तकाच्या वेगवेगळ्या अवस्थांची चित्रे काढलेली असत आणि प्रत्येक चित्रालगत एक अरुंद फट असे. आरशासमोर चकती फिरवून फटींतून पाहिले की नर्तक गिरकी घेताना दिसे. पुढे १८३४ मध्ये विल्यम हॉर्नर याने चकतीऐवजी फिरता डबा वापरला. त्यामुळे एकाच वेळी अनेकांना पाहण्याची सोय झाली. हेच झोएट्रोप.

या खेळण्यांतील खरी किमया फटींमध्ये आहे. फटी नसत्या तर चित्रे एकमेकांत मिसळून केवळ धूसर पट्टा दिसला असता. दोन चित्रांच्या मधे क्षणभर अंधार आला, तरच प्रत्येक चित्र सुटे दिसते. चित्रपटाच्या कॅमेऱ्यातील आणि प्रक्षेपकातील शटर हेच काम करते.

अनेक पाठ्यपुस्तकांत या भासाचे कारण ‘दृष्टिसातत्य’ असे दिलेले असते. म्हणजे डोळ्याच्या पडद्यावर एका चित्राचा ठसा उरतो, तोवर दुसरे चित्र येते, असे. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. केवळ ठसे उरले असते तर चित्रांची गर्दी दिसली असती, हालचाल नव्हे. जवळजवळ सारखी असणारी दोन चित्रे पुरेशा वेगाने पुढे आली की त्यांच्यातील बदलाचा अर्थ मेंदू ‘हालचाल’ असा लावतो. १९१२ मध्ये माक्स व्हेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने अशा भासमान हालचालीचा प्रयोगांद्वारे अभ्यास केला. थोडक्यात, हालचालीचा भास मुख्यतः मेंदूत घडतो.

३. दुसरा प्रश्न : क्षण पकडणारे छायाचित्र

सुरुवातीच्या छायाचित्रांसाठी माणसाला बराच वेळ निश्चल बसावे लागे. धावणारा घोडा टिपायचा तर प्रकाश आत घेण्याचा अवधी सेकंदाच्या अत्यल्प भागाइतका हवा.

हे काम करून दाखवले ते एडवर्ड मायब्रिजने. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्ड यांना घोड्यांचा शौक होता. धावताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचललेले असतात का, या प्रश्नाचा त्यांना छडा लावायचा होता. जून १८७८ मध्ये पालो आल्टो येथे मायब्रिजने धावपट्टीच्या कडेने १२ कॅमेरे रांगेत मांडले आणि त्यांच्या झडपांना जोडलेले दोरे वाटेत आडवे ताणले. घोडा दोरे तोडत गेला, तसतशी एकेक झडप उघडून मिटली. छायाचित्रांनी उत्तर दिले : होय, घोडा क्षणभर पूर्ण अधांतरी असतो, पण चित्रकार दाखवत तसे पाय पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे, तर ते पोटाखाली गोळा झालेले असताना. मानवी डोळ्याला न दिसणारे सत्य कॅमेऱ्याने दाखवले, म्हणून या प्रयोगाचे महत्त्व मोठे आहे.

मात्र मायब्रिजच्या पद्धतीला मर्यादा होती. जितकी चित्रे, तितके कॅमेरे. फ्रान्समधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-जूल मारे यांनी ही अडचण दूर केली. १८८२ मध्ये त्यांनी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. नेम धरून चाप ओढला की तो सेकंदाला १२ छायाचित्रे घेई. एक कॅमेरा, एक भिंग, एक जागा आणि अनेक क्षण : चित्रपटाच्या कॅमेऱ्याचे तत्त्व येथे स्पष्ट दिसते.

तरीही मारे यांना चित्रपटाचे जनक म्हणण्याआधी त्यांचा हेतू लक्षात घ्यावा. पक्षी कसा उडतो आणि माणूस कसा चालतो हे समजून घेण्यासाठी त्यांना हालचालीचे तुकडे करायचे होते. ते तुकडे पुन्हा जोडून लोकांचे मनोरंजन करण्यात त्यांना फारसा रस नव्हता. डोळ्याला जे आधीच दिसते ते पुन्हा दाखवून विज्ञानाला काय मिळणार, अशी त्यांची भूमिका होती.

४. तिसरा प्रश्न : काचेकडून फितीकडे

मारे यांच्या बंदुकीत काचेची चकती होती. काच जड, ठिसूळ आणि अपुरी. यावर उपाय निघाला तो हौशी छायाचित्रकारांसाठी. अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये कागदी फितीचे गुंडाळे वापरणारा कोडॅक कॅमेरा बाजारात आणला आणि १८८९ मध्ये पारदर्शक सेल्युलॉइडची फीत. सेल्युलॉइड लवचिक होते, चिवट होते आणि त्यातून प्रकाश आरपार जात असे. चित्रपटासाठी हवे ते सारे गुण त्यात होते. एक मोठा दोषही होता : ते चटकन पेट घेई.

याच फितीसाठी हॅनिबल गुडविन या धर्मोपदेशकाने १८८७ मध्येच पेटंटचा अर्ज केला होता. पेटंट हाती यायला १८९८ उजाडले आणि १९०० मध्ये ते वारले. पुढे न्यायालयाने गुडविन यांच्या पेटंटच्या बाजूने कौल दिला आणि १९१४ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीला ५० लाख डॉलर मोजावे लागले. शोधकाला स्वतःला त्याचा उपयोग झाला नाही.

याहून चटका लावणारी कहाणी लुई ल प्रँस यांची आहे. मूळचे फ्रेंच असलेले ल प्रँस इंग्लंडमधील लीड्स येथे राहत. १८८८ मध्ये त्यांनी एका भिंगाच्या कॅमेऱ्याने कागदी फितीवर राउंडहे येथील बागेत फिरणाऱ्या नातलगांचे चित्रण केले. त्यातील जेमतेम दोन सेकंदांचा भाग आज उपलब्ध आहे. या चित्रणात त्यांच्या सासूबाई सारा व्हिटली दिसतात. त्यांचे निधन २४ ऑक्टोबर १८८८ रोजी झाले. म्हणजे चित्रण त्यापूर्वीचे असलेच पाहिजे. इतिहासकार कालनिश्चिती कशी करतात, याचा हा उत्तम नमुना आहे.

एडिसनचे यंत्र लोकांसमोर येण्याच्या कितीतरी आधी हे काम झाले होते. पण १६ सप्टेंबर १८९० रोजी ल प्रँस दिजाँ येथे पॅरिसच्या गाडीत बसले आणि त्यानंतर ते कोणालाही दिसले नाहीत. त्यांच्या बेपत्ता होण्याचा उलगडा आजवर झालेला नाही. आपल्या यंत्राचे जाहीर प्रदर्शन त्यांनी केलेच नव्हते. त्यामुळे त्यांच्या कामाचा पुढील संशोधकांवर परिणाम झाल्याचे दाखवता येत नाही. आधी असणे आणि परंपरा सुरू करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

५. एडिसन आणि डिक्सन : एकट्याने पाहायचा चित्रपट

फोनोग्राफने कानांसाठी जे केले ते डोळ्यांसाठी करणारे यंत्र बनवायचे, असा विचार एडिसनने १८८८ मध्ये लेखी नोंदवला. प्रत्यक्ष काम मात्र मुख्यतः त्याच्या प्रयोगशाळेतील विल्यम केनेडी लॉरी डिक्सन याने केले. चित्रण करणारा कायनेटोग्राफ आणि चित्रे दाखवणारा कायनेटोस्कोप ही दोन यंत्रे त्यातून तयार झाली. डिक्सनने ३५ मिलिमीटर रुंदीची फीत आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंना चार-चार छिद्रे ही रचना ठरवली. ती इतकी योग्य होती की डिजिटल चित्रण येईपर्यंत, शंभरहून अधिक वर्षे, जगभर तीच प्रमाण मानली गेली.

१४ एप्रिल १८९४ रोजी न्यूयॉर्कमध्ये १० कायनेटोस्कोपचे दालन सुरू झाले. प्रेक्षकाने लाकडी पेटीवर वाकून वरच्या छिद्रातून पाहायचे. आत सुमारे २० सेकंदांचे चित्रण दिसे. एका वेळी एका पेटीत एकच प्रेक्षक!

असे का, याचे उत्तर यंत्राच्या रचनेत आहे. कायनेटोस्कोपमध्ये फीत न थांबता धावत असे आणि फिरत्या शटरची बारीक फट प्रत्येक चित्र निमिषमात्र दाखवी. इतक्या अल्प वेळात येणारा प्रकाश पेटीत डोकावणाऱ्या डोळ्याला पुरे. मोठा पडदा उजळायला तो पुरेसा नव्हता. शिवाय एडिसनला पेट्या विकण्यातच फायदा दिसत होता. त्याने या यंत्राची युरोपात पेटंटे घेतली नाहीत. परिणामी लंडनमध्ये रॉबर्ट पॉल याने कायनेटोस्कोपच्या प्रतिकृती बनवल्या आणि त्यात कायदा आडवा आला नाही.

६. चौथा आणि पाचवा प्रश्न : थांबत सरकणारी फीत आणि पडदा

पडदा उजळायचा तर प्रत्येक चित्र प्रकाशासमोर क्षणभर स्थिर उभे राहिले पाहिजे. मग शटरने प्रकाश अडवायचा, त्या अंधारात फीत एक चित्र पुढे ओढायची आणि पुन्हा थांबवायची. हे दर सेकंदाला निदान १६ वेळा, फीत न फाटता घडले पाहिजे. शिवणयंत्रातही कापड याच रीतीने टाक्याटाक्याला थोडे सरकते आणि थांबते. लुई ल्युमिएर यांना आपल्या यंत्राची कल्पना त्यावरूनच सुचल्याचे सांगितले जाते. त्यांच्या यंत्रात दोन दात फितीच्या छिद्रांत शिरत, तिला खाली ओढत आणि मागे सरत.

१८९५ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण होते. प्रेक्षकांसमोर झालेले पुढील खेळ पाहा :

- २० मे, न्यूयॉर्क : वुडव्हिल लॅथम आणि त्यांचे पुत्र.
- सप्टेंबर-ऑक्टोबर, अटलांटा : फ्रान्सिस जेंकिन्स आणि थॉमस आर्मट.
- १ नोव्हेंबर, बर्लिन : माक्स आणि एमिल स्क्लाडानोव्स्की.
- २८ डिसेंबर, पॅरिस : ऑग्युस्त आणि लुई ल्युमिएर.

एमिल रेनो यांनी तर २८ ऑक्टोबर १८९२ पासूनच पॅरिसमध्ये हाताने रंगवलेल्या चित्रांच्या पट्ट्या पडद्यावर हलत्या करून दाखवल्या होत्या. ती छायाचित्रे नव्हती, एवढाच फरक.

तारखा पाहिल्या तर ल्युमिएर यादीत शेवटी येतात. तरीही त्यांचेच नाव सर्वाधिक का गाजले? याची कारणे तीन. पहिले, त्यांचा सिनेमॅटोग्राफ सुमारे पाच किलो वजनाचा आणि हाताने फिरवायचा होता. त्याला विजेच्या मोटारीची गरज नव्हती आणि चित्रण करणे, प्रती काढणे व पडद्यावर दाखवणे ही तिन्ही कामे तो करी. स्क्लाडानोव्स्कींच्या यंत्रात मात्र दोन फिती आलटून पालटून दाखवाव्या लागत. दुसरे कारण, लियाँ शहरात त्यांच्या कुटुंबाचा छायाचित्रणाच्या काचा बनवणारा मोठा कारखाना होता. भांडवल आणि कुशल माणसे हाताशी होती. तिसरे, त्यांनी प्रशिक्षित यंत्रचालक जगभर पाठवले. हे चालक नवीन गावी आधी खेळ दाखवत आणि मग त्याच यंत्राने तिथले चित्रणही करत.

पॅरिसच्या ग्रँड कॅफेतील त्या पहिल्या खेळाला तिकीट काढून आलेले प्रेक्षक अवघे ३३ होते. तिकीट एक फ्रँक, चित्रपट दहा, प्रत्येकी साधारण ५० सेकंदांचे. पडद्यावरची आगगाडी अंगावर येते असे वाटून प्रेक्षक पळाले, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. पण आगगाडीचा तो चित्रपट त्या दिवशीच्या कार्यक्रमात नव्हताच, आणि पळापळीला समकालीन पुरावाही नाही. परीक्षेत ही आख्यायिका घटना म्हणून लिहू नये.

७. शोधाचा निवाडा न्यायालयात

२३ एप्रिल १८९६ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘एडिसनचा व्हायटास्कोप’ या नावाने चित्रपट पडद्यावर झळकले. तो प्रक्षेपक वस्तुतः जेंकिन्स आणि आर्मट यांच्या यंत्रातून आला होता. एडिसनचे नाव लावले तर तो खपेल, हा व्यापारी हिशेब त्यामागे होता. डिक्सन तोपर्यंत एडिसनला सोडून प्रतिस्पर्धी अमेरिकन म्युटोस्कोप कंपनीच्या बाजूला गेला होता.

१८९७ मध्ये एडिसनला कॅमेऱ्याचे पेटंट मिळाले आणि त्याने स्पर्धकांवर दावे लावले. म्युटोस्कोप कंपनीविरुद्धच्या खटल्यात ल प्रँस यांचा मुलगा अडोल्फ याने साक्ष दिली. १९०२ मध्ये अपील न्यायालयाने एडिसनचा व्यापक दावा फेटाळला. तरीही १९०८ मध्ये एडिसन आणि इतर बड्या कंपन्यांनी आपली पेटंटे एकत्र करून मक्तेदारी उभी केली. १९१५ मध्ये न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. ‘शोधक कोण’ हा प्रश्न केवळ मानाचा नव्हता. कॅमेरा वापरायला कोणाला पैसे द्यावे लागतील, हे त्यावर ठरत होते.

८. यंत्राकडून कलेकडे

यंत्र तयार झाले, तरी त्याने गोष्ट सांगायची कशी हे अजून कोणाला माहीत नव्हते. २८ डिसेंबरच्या खेळाला हजर असलेले जादूगार जॉर्ज मेलिएस यांनी कॅमेऱ्याच्या करामतींतून ‘अ ट्रिप टू द मून’ (१९०२) सारखे कल्पनारम्य चित्रपट केले. गोमाँ कंपनीत सचिव म्हणून लागलेल्या अलिस गी यांनी लघुकथात्मक चित्रपटांचे दिग्दर्शन सुरू केले. त्या जगातील पहिल्या स्त्री-दिग्दर्शक मानल्या जातात. पण इतिहासाच्या पुस्तकांत त्यांचे नाव कित्येक दशके क्वचितच आढळे. अमेरिकेत एडविन पोर्टर यांच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ने (१९०३) वेगवेगळ्या ठिकाणच्या दृश्यांतून सलग कथा सांगण्याची वाट रुळवली.

९. भारतातील आरंभ

ल्युमिएर यांचे यंत्रचालक जगभर फिरत होते, हे वर आलेच आहे. त्यांपैकी मारियस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबईत थांबले. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात त्यांनी सहा चित्रपट दाखवले. तिकीट एक रुपया. पॅरिसच्या खेळाला तेव्हा सात महिनेही झाले नव्हते.

पडद्यावरील हलती चित्रे इथल्या प्रेक्षकाला अगदीच अपरिचित नव्हती. कल्याणचे महादेव पटवर्धन आणि त्यांचे पुत्र १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ करत. रंगवलेल्या काचा कौशल्याने सरकवून ते पौराणिक प्रसंग जिवंत करत.

भारतातही ‘पहिला कोण’ हा वाद आहे आणि त्याचे उत्तर पुन्हा प्रश्नाच्या शब्दांवर अवलंबून आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डन येथे कुस्तीचे चित्रण केले. ते वास्तव घटनांचे आद्य चित्रणकार होत. कोलकात्यात हिरालाल सेन यांनी त्याच सुमारास रॉयल बायोस्कोप कंपनी सुरू केली आणि रंगभूमीवरील प्रवेश चित्रित केले. १९१७ मधील आगीत त्यांचे चित्रपट नष्ट झाले. १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ मुंबईत प्रदर्शित झाला. मात्र ते रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते आणि कॅमेरा ब्रिटिश चित्रणकाराने चालवला होता. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन तंत्र शिकून घेतले, यंत्रे आणली आणि चित्रपटासाठी स्वतंत्र पटकथा, नट आणि दृश्ये यांची जुळणी केली. फितीला छिद्रे पाडण्यापासूनची कामे घरातच होत आणि त्यांत पत्नी सरस्वतीबाई यांचा मोठा वाटा होता. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांसमोर आला. पूर्ण लांबीचा, भारतीयांनी बनवलेला पहिला कथाचित्रपट, या अर्थाने फाळके यांचा मान निर्विवाद आहे. त्यामुळे भाटवडेकर, सेन आणि तोरणे यांचे काम कमी ठरत नाही.

१०. सारांश

चित्रपट ही अनेकांच्या परिश्रमांची बेरीज आहे. प्लाटोने भास दाखवला, मायब्रिज आणि मारे यांनी क्षण पकडला, ईस्टमन आणि गुडविन यांनी फीत दिली, डिक्सनने तिला प्रमाण रूप दिले आणि ल्युमिएर बंधूंनी ती जगभर पडद्यावर नेली. ज्यांनी आधी काम केले ते सर्वच प्रसिद्ध झाले नाहीत. भांडवल, पेटंट, जाहीर प्रदर्शन आणि दैव यांनीही नावे ठरवली. म्हणून ‘पहिला’ हा शब्द वाचला की विद्यार्थ्याने लगेच विचारावे : नेमके काय करणारा पहिला?

स्वाध्याय

१. कायनेटोस्कोपमधील चित्रण मोठ्या पडद्यावर दाखवणे का अवघड होते? यंत्राच्या रचनेच्या आधारे स्पष्ट करा.
२. मायब्रिज आणि मारे यांच्या पद्धतींतील फरक सांगा.
३. ‘लुई ल प्रँस हेच चित्रपटाचे जनक होत.’ या विधानाच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे लिहा.
४. आपल्या भाषेतील ‘पहिला चित्रपट’ कोणता मानला जातो? तो कोणत्या निकषावर पहिला ठरतो, याचा शोध घेऊन टिपण लिहा.